कापूस, साबण आणि कागदाच्या पट्ट्या

मॉस्को असो की लेनिनग्राड, ऑक्टोबर लागला की सोव्हिएत काळात घरोघरी खिडक्या बुजवायचं काम निघायचं. जुन्या वर्तमानपत्रांच्या तीन बोटं रुंद पट्ट्या कापायच्या. कापसाचा पेळू करून बोथट सुरीनं तो चौकट आणि झडपेमधल्या फटीत ठासायचा. कोपऱ्यात जरा जास्त, कारण लाकूड सुकून आकसलं की पहिली फट कोपऱ्यातच पडते. मग कपडे धुण्याच्या तपकिरी साबणाची वडी घ्यायची, पट्टी कोमट पाण्यात भिजवून तिच्यावर साबण घासायचा आणि ती फटीवर ताणून बसवायची. बोटानं दाबत वरून खाली येताना पट्टीखालची हवा निघून गेली पाहिजे, नाहीतर वाळताना ती फुगते आणि सुटते. कुणी पिठाची खळ वापरायचं, कुणी दूध. खळीनं पट्टी पक्की बसते, पण वसंतात काढताना चौकटीचा रंग घेऊनच निघते. साबणाची पट्टी कोमट पाण्याचं फडकं फिरवलं की सुटून हातात येते. म्हणून पुष्कळ घरांत साबणच चालायचा.

एवढं झालं की एप्रिल-मेपर्यंत ती खिडकी उघडायची नाही. मोकळं राहायचं ते फक्त वरच्या कोपऱ्यातलं एक छोटं तावदान. त्याची बिजागरी वेगळी, कडी वेगळी. त्याला फोर्तोच्का म्हणतात. या सगळ्या उद्योगातलं खरं शहाणपण त्या तावदानात आहे. फटी कुणीही बुजवील. कुठं आणि किती मोकळं सोडायचं, हे कळायला मात्र काही शतकं जावी लागली, आणि ते ज्या ज्या वेळी विसरलं गेलं त्या त्या वेळी घरातल्या माणसांनी त्याची किंमत मोजली.

जुन्या रशियन खेड्यातलं घर म्हणजे इझ्बा, ओंडक्यावर ओंडका रचून उभारलेलं. दोन ओंडक्यांच्या सांध्यात शेवाळ किंवा अंबाडीसारख्या रोपाचा काथ्या ठोकून भरायचे. हिवाळ्याआधी घराच्या पायाशी बाहेरून मातीचा बांध घालायचे, म्हणजे जमिनीलगतचा वारा फरशीखाली शिरत नाही. खिडकीची गोष्ट याहून अवघड होती, कारण खिडकी म्हणजे भिंतीला मुद्दाम पाडलेलं भोक. म्हणून ते भोक होता होईल तितकं लहान ठेवायचे. एकावर एक असलेल्या दोन ओंडक्यांत, अर्धं वरच्यात आणि अर्धं खालच्यात, असं कोरलेलं ते जेमतेम एका ओंडक्याच्या उंचीचं असायचं आणि आतून लाकडी फळी सरकवून बंद व्हायचं. फळी लावली की अंधार. बऱ्याच घरांत भट्टीला धुराडं नसायचं. धूर याच भोकातून आणि दारातून जायचा. ऊब, उजेड आणि धूर या तिघांचा हिशेब एका फळीवर चालायचा.

ज्यांना परवडे ते चौकटीची मोठी खिडकी ठेवत. तिच्यात काच नव्हती. बैलाचं मूत्राशय ताणून बसवलेलं असायचं, किंवा तेल पाजलेलं कापड, किंवा माशाची कातडी. श्रीमंतांकडे अभ्रक. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथचा दूत म्हणून जाईल्स फ्लेचर 1588 साली रशियाला गेला होता. 1591 साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात या अभ्रकाचं वर्णन आहे. उत्तरेकडे कारेलियात आणि द्विना नदीच्या परिसरात खडकातून ते काढतात, त्याचे पातळ पापुद्रे सुटे करतात आणि खिडक्या-कंदिलांना लावतात. उजेड काचेपेक्षा चांगला येतो आणि ते काचेसारखं फुटत नाही, असं तो नोंदवतो. पुढे हे अभ्रक युरोपात मॉस्कोची काच म्हणून विकलं जाऊ लागलं. छोटे छोटे तुकडे कथलाच्या किंवा लोखंडाच्या पट्ट्यांत बसवून त्यांची जाळी करायचे. अशा खिडकीला सांधे अनेक, आणि जितके सांधे तितक्या वाऱ्याच्या वाटा.

सैबेरियाच्या टोकाला याकूत लोकांनी काढलेला तोडगा मात्र सगळ्यांत स्वस्त होता. त्यांच्या हिवाळी घराला, म्हणजे बालागानला, बाहेरून माती आणि गाईच्या शेणाचा जाड गिलावा असायचा. शेणमातीनं लिंपलेल्या भिंती महाराष्ट्रात कुणाला नवीन नाहीत. तिकडे मात्र ते लिंपण पारा उणे पन्नास अंशांखाली गेल्यावर जीव वाचवायचं. खिडकीच्या जागी ते नदीवरून कापून आणलेली बर्फाची लादी बसवत. लादी बाहेरून लावायची, कडेला पाणी घातलेला ओला भुसभुशीत बर्फ थापायचा, की तो क्षणात गोठतो आणि सांधा बंद. चौकट नको, लुकण नको, खिळा नको. आतल्या बाजूला श्वासाची वाफ गोठून थर साचायचा, तो सुरीनं खरवडावा लागे, नाहीतर उजेड कमी होई. खरवडून खरवडून लादी पातळ झाली की नवी आणायची. एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांनी या खिडक्यांबद्दल बरंच लिहून ठेवलं आहे. बर्फातून घरात येणारा प्रकाश त्यांना फार आवडलेला दिसतो.

घर असं चहूबाजूंनी बंद झालं की खरा धोका आतून यायचा. रशियन भट्टी विटांची, खोलीचा मोठा भाग व्यापणारी. एकदा पेटवली की चोवीस तास ऊब देणारी. लाकडं जळून निखारे उरले की धुराड्यावरची लोखंडी झाकणी सारायची, म्हणजे उष्णता वर निघून जात नाही. ही झाकणी सारायची वेळ चुकली की घात. निखारे पुरते विझण्याआधी झाकणी बंद झाली तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही. निळ्या ज्वाळा दिसेनाशा झाल्याशिवाय झाकणीला हात लावायचा नाही, हे मुलांना लहानपणीच शिकवलेलं असायचं. तरी झोपेतच अख्खी घरं गेल्याच्या कहाण्या प्रत्येक गावात होत्या. सरपण वाचवण्याच्या घाईत माणसं गेली, त्या प्रत्येक ठिकाणी भट्टीइतकाच दोष घट्ट बुजवलेल्या खिडकीचाही होता.

काच रशियात उशिरा आली. 1630च्या दशकात मॉस्कोजवळ दुखानिनो इथे पहिला काच कारखाना निघाला, पण साध्या घरात काच पोचायला आणखी बराच काळ गेला. अठराव्या शतकात पीटर्सबर्गमध्ये युरोपीय धर्तीच्या उंच खिडक्यांचे वाडे उभे राहिले आणि नवा प्रश्न आला: साठ अक्षांशावरच्या शहरात एवढी मोठी काच आणि बाहेर नेवा नदी गोठवणारा वारा. यावर उपाय म्हणून दुसरी चौकट आली. उन्हाळ्यात ती काढून माळ्यावर ठेवायची, शरद ऋतूत खाली आणून पहिलीच्या आत बसवायची आणि सांधे बुजवून टाकायचे.

दोन काचांमध्ये वीतभर हवा अडकली की ती गोधडीच्या थरांमधल्या हवेसारखं काम करते: स्थिर हवा उष्णता फार हळू पुढे जाऊ देते. एका काचेच्या जागी दोन झाल्या की खिडकीतून जाणारी उष्णता साधारण निम्म्यावर येते. पण त्याला अट आहे, हवा खरंच अडकलेली हवी. फट राहिली तर वारा आत-बाहेर करत राहतो आणि दुसऱ्या चौकटीचा खर्च वाया जातो. शिवाय घरातली हवा दमट असते. स्वयंपाक, चहाचं पाणी उकळणारा समोवार, वाळत घातलेले कपडे, माणसांचे श्वास, सगळ्यांची वाफ. आतल्या चौकटीच्या फटीतून ती मधल्या पोकळीत शिरली की बाहेरच्या गार काचेवर धरते आणि बर्फ होतो. सकाळी खिडकी पांढरीफटक, दुपारी पाणी ओघळून चौकटीत मुरतं, आणि दोन-चार हिवाळ्यांत लाकूड कुजतं. म्हणून जाणते लोक आतली चौकट अगदी घट्ट बुजवत आणि बाहेरची थोडी सैल सोडत. आतून वाफ शिरू नये, आणि जी शिरेल तिला बाहेर जायला वाट राहावी. पुस्तकात न वाचता, काचेवरचं धुकं बघून बघून कमावलेलं हे ज्ञान होतं, आणि आजचे इमारत-तज्ज्ञही नेमकं हेच सांगतात.

तरी थोडी वाफ शिरायचीच. तिच्यासाठी दोन चौकटींच्या मध्ये काहीतरी ओलावा ओढणारं ठेवायचे. योहान गेओर्ग कोल या जर्मन प्रवाशाचं पीटर्सबर्गवरचं पुस्तक 1841 साली आलं. त्यात त्यानं या खिडक्यांकडे फार बारकाईनं पाहिलं आहे. ऑक्टोबरातच दुहेरी खिडक्या बंद होतात, मधल्या जागेत वाळू किंवा मीठ भरतात, मिठाचे नाना आकार रचतात, वर कागदी-कापडी फुलं मांडतात, आणि प्रत्येक घराची मांडणी वेगळी असल्यामुळे थंडीतल्या स्वच्छ दिवशी रस्त्यानं खिडक्या बघत फिरण्यात मजा येते, असं तो लिहितो. फ्रेंच लेखक तेओफिल गोत्ये 1858-59च्या हिवाळ्यात तिथे होता. त्यालाही वाळूचा थर, त्यात खोचलेल्या मिठाच्या कागदी पुड्या आणि वरून अंथरलेलं शेवाळ दिसलं. थंडीच्या देशातून आलेल्या या दोन्ही माणसांना पीटर्सबर्गची घरं आपल्या घरांपेक्षा उबदार वाटली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. हिवाळा ज्यांच्याकडे खरा कडक, तेच त्याची तयारीही खरी करतात.

मीठ महाग वाटलं तर भट्टीतला कोळसा ठेवायचा. खेड्यांत शेवाळावर रोवान नावाच्या झाडाच्या लाल फळांचे घोस ठेवत. त्यानं भट्टीचा विषारी वायू बाधत नाही अशी समजूत होती. ती अर्थात खोटी, पण पांढऱ्या खिडकीत लाल घोस शोभत, म्हणून प्रथा टिकली. शहरातल्या काही घरांत दोन चौकटींमध्ये गंधकाम्लाचे छोटे पेलेही ठेवलेले असायचे. तीव्र गंधकाम्ल हवेतला ओलावा फार जोरानं ओढतं, आणि काच महिनोन्महिने लख्ख राहते. मुलांच्या घरात ही सोय किती धोक्याची, हे सांगायला नको.

वसंतात आतली चौकट काढायची तो दिवस घरातला सण असायचा. वर्षातले सहा-सात महिने रस्त्याचा आवाज घरात आलेला नसतो. कवी अपोलोन मायकोव्हनं 1854 साली लिहिलेली वसंताची कविता सुरू होते ती याच घटनेपासून: पहिली चौकट निघते आणि देवळाच्या घंटा, माणसांचं बोलणं, चाकांचा खडखडाट एकदम खोलीत येतो. रशियात ही कविता शाळेत पाठ करून घेतात. दुहेरी खिडकी नसलेल्या देशातल्या वाचकाला तिच्यातला आनंद समजावून सांगावा लागतो.

रशियन क्रांतीनंतर वाडे गेले, एका फ्लॅटमध्ये चार-पाच कुटुंबं आली, पण खिडक्या त्याच राहिल्या. मीठ, शेवाळ आणि कापडी फुलांची जागा साध्या कापसानं घेतली. 25 नोव्हेंबर 1924 रोजी लेनिनग्राडमध्ये, म्हणजे पूर्वीच्या पीटर्सबर्गमध्ये, फोंतान्का नदीकाठच्या 96 क्रमांकाच्या घराला वीज केंद्रातून गरम पाणी सुटलं आणि सामायिक उष्णतापुरवठ्याची सुरुवात झाली. पुढे देशभरातल्या शहरांत हीच पद्धत रुजली.

मग युद्ध आलं. 1941च्या उन्हाळ्यात लेनिनग्राडकरांनी खिडक्यांना पुन्हा कागदाच्या पट्ट्या लावल्या, या वेळी काचेवर, तिरप्या फुलीच्या आकारात. बॉम्बच्या हादऱ्यानं काच फुटली तर तिचे तुकडे उडू नयेत म्हणून. पट्ट्या त्याच, खळ तीच, दरवर्षी हिवाळ्याआधी हे काम करणारे हातही तेच. 8 सप्टेंबरला शहराला जर्मन सैन्याचा वेढा पूर्ण झाला. पहिल्या हिवाळ्यात पारा उणे 30 अंशांच्या आसपास उतरला, उष्णतापुरवठा थांबला, वीज गेली. फुटलेल्या काचांच्या जागी लोकांनी प्लायवूड, गालिचे, रजया ठोकल्या. कुटुंबं एका खोलीत गोळा झाली आणि मध्ये बुर्झुयका नावाची पत्र्याची शेगडी आली. तिचा नळ बाहेर काढायला भिंत फोडणं शक्य नव्हतं. तो फोर्तोच्कातून काढला. त्या हिवाळ्यात लेनिनग्राडच्या घराघरांतून रस्त्यावर असे पत्र्याचे नळ डोकावत होते. भूक इतकी की 20 नोव्हेंबर ते 25 डिसेंबर 1941 या काळात कारकून, आश्रित आणि मुलांना दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळत होता. लोकांनी भिंतीवरचा कागद सोलून त्यामागची पिठाची खळ खरवडून खाल्ली, सुताराचा सरस उकळून त्याची जेली केली. खिडकीला लावलेल्या खळीची आठवण तेव्हा कुणाला झाली नसेल, असं म्हणवत नाही.

31 जुलै 1957च्या घरबांधणीच्या ठरावानंतर सोव्हिएत नेते ख्रुश्चोव्ह यांच्या काळातली पाच मजली घरं हजारोंनी उभी राहिली. कोट्यवधी लोकांना प्रथमच स्वतःचं बंद दार मिळालं, आणि स्वतःची खिडकीही. स्वयंपाकघर जेमतेम 5-6 चौरस मीटरचं. त्याच्या खिडकीखाली भिंतीत एक कोनाडा, मागची भिंत मुद्दाम पातळ ठेवलेली. हिवाळ्यात तोच फ्रिज. ज्यांच्याकडे तोही नव्हता ते जाळीच्या पिशवीत मांस किंवा सॉसेज भरून फोर्तोच्कातून बाहेर टांगून ठेवायचे.

या घरांच्या चौकटी कच्च्या लाकडाच्या, घाईत केलेल्या. दोन-तीन वर्षांत त्या वाकायच्या आणि फटी पडायच्या. बाहेरचं सरासरी तापमान सलग पाच दिवस 8 अंशांखाली राहिल्याशिवाय उष्णतापुरवठा सुरू करायचा नाही, असा नियम होता. म्हणजे शरदातले ते गारठ्याचे दिवस केवळ कापूस आणि पट्ट्यांवर काढायचे. पुरवठा सुरू झाल्यावर पुष्कळ घरांत उलटा त्रास व्हायचा. रेडिएटरला कमी-जास्त करायची कळ नसायची, बिल खोलीच्या क्षेत्रफळावर यायचं, आणि उकडायला लागलं की लोक फोर्तोच्का उघडायचे. पट्ट्या लावण्यामागे पैसे वाचवण्याचा विचार फारसा नव्हता. झोपलेल्या मुलाच्या अंगावर वाऱ्याची तिरीप येऊ नये, ही चिंता होती. शाळांतही वर्गाच्या खिडक्या मुलं आणि शिक्षक मिळून चिकटवायचे. पुढे कागदाचे तयार रोल आणि फोमच्या पट्ट्या दुकानांत आल्या, तरी साबण सुटला नाही. कित्येक घरांत दोन काचांमधल्या कापसावर नववर्षाच्या झाडाचे फुटके चमकते गोळे मांडलेले असत.

मॉस्कोत छापून आलेली स्वस्त, देखणी मराठी पुस्तकं ज्यांनी लहानपणी वाचली, त्यांना रशियन घरातली भट्टी आणि समोवार चांगले ओळखीचे. त्या घराला उबदार ठेवणारे हे हात आणि ही वडीभर साबणाची कमाल तितकीच ओळखीची व्हायला हवी होती.

1990च्या दशकापासून प्लास्टिकच्या खिडक्या आल्या. रबरी कडा, मध्ये हवाबंद दुहेरी काच, हँडल फिरवलं की आवाज बंद, वारा बंद. लाखो घरांनी लाकडी चौकटी उचकटून टाकल्या आणि पट्ट्यांचा त्रास एकदाचा संपला. हिवाळा आला तसे कोपरे काळे पडू लागले. बुरशी.

कारण साधं होतं. या इमारतींच्या स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा बाहेर ओढणारी उभी धुराडी आहेत. चार शेगड्यांची गॅस चूल असलेल्या स्वयंपाकघरातून तासाला 90 घनमीटर हवा जावी, असा हिशेब त्यात धरलेला. जाणाऱ्या हवेची जागा घेणारी हवा कुठून येणार? लाकडी खिडकीच्या फटींतून आणि फोर्तोच्कातून. वेगळी वाट ठेवलेलीच नव्हती. कापूस-कागद लावला तरी लाकूड पूर्ण बंद होत नसे, आणि वरचं तावदान दिवसातून चार वेळा उघडलं जायचं. नवी खिडकी हवाबंद, आणि पुष्कळ ठिकाणी फोर्तोच्काशिवायची. येणारी हवा थांबली की जाणारीही थांबते.

ज्या घरांत पाणी तापवायला गॅसचा बंब आहे, तिथे हा प्रश्न बुरशीपुरता राहिला नाही. बंब पेटला की तो हवा मागतो. खिडकी घट्ट बंद असली की धुराडं उलटं वाहू लागतं आणि जळालेला वायू खोलीत परत येतो. झाकणी लवकर सारलेल्या भट्टीनं जे केलं तेच हा बंब करतो, आणि रशियात दर हिवाळ्यात यामुळे मृत्यू होतात. मुंबई-पुण्यातल्या छोट्या न्हाणीघरांत गॅस गीझरमुळे गेलेले जीवही याच कारणानं गेले आहेत. तिथे थंडी नव्हती, पण बंद खिडकी होती.

आता रशियात खिडकीजवळच्या किंवा रेडिएटरमागच्या भिंतीत भोक पाडून झाकणीचा झडप-नळ बसवून मिळतो; येणारी गार हवा रेडिएटरवरून जाताना तापते. काही हँडलांना खिडकी केवळ काही मिलिमीटर सुटेल अशी चौथी खूण असते. झडपेच्या कडेला छोटे गोल खिळे असतात, ते षटकोनी चावीनं हिवाळ्यात आतल्या बाजूला फिरवायचे म्हणजे झडप रबरावर घट्ट दाबली जाते. उन्हाळ्यात पुन्हा सैल करायचे, नाहीतर रबर चपटं होऊन दोन-तीन वर्षांत निकामी होतं. बरेच लोक ते हिवाळ्यात घट्ट करतात आणि उन्हाळ्यात सैल करायचं विसरतात.